पाण्याच्या कुळातला शब्द

फलंदाज षटकार मारतो आणि क्रीझमध्ये उभा राहून उंच गेलेल्या चेंडूकडे पाहत राहतो. समोरचा जोडीदारही जागचा हलत नाही. पंच दोन्ही हात वर करतात आणि फलकावर सहा रन्स लागतात. एक पाऊलही न टाकता सहा रन्स. यात आपल्याला काही वावगं वाटत नाही, कारण ‘रन’ हा शब्द आपण क्रिकेटबरोबर उचलला आणि तो त्या खेळाचाच आहे असं धरून बसलो. इंग्रजीत तो क्रिकेटच्या कितीतरी आधीपासून नांदतो आहे, आणि पाय न हलवता धाव काढण्याचं हे काम तो मैदानाबाहेरही सतत करत असतो. नळाला पाणी असतं, तेव्हा नळ ‘रन’ होत असतो. सर्दीत नाक ‘रन’ होतं. दुकान, कारखाना, सरकार चालवणं हे ‘रन’. धुण्यात कपड्याचा रंग उतरून शेजारच्या कपड्याला लागला, तर रंग ‘रन’ झाला. नाटक वर्षानुवर्षं चाललं तर तो त्याचा ‘रन’. कोंबड्यांसाठी जाळी लावून राखलेली मोकळी जागाही ‘रन’. बँकेबाहेर घाबरलेल्या ठेवीदारांची गर्दी होते, तोही बँकेवरचा ‘रन’. आणि त्या रांगेत माणसं तासन्‌तास एका जागी उभी असतात.

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ हा इंग्रजीचा महाकोश. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरं झालं १९२८ मध्ये. मरे ते पाहायला राहिले नाहीत. १९१५ मध्येच ते गेले. वाचकांनी टपालानं पाठवलेल्या लाखो चिठ्ठ्यांवर तो कोश उभा राहिला. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द, तो जिथे सापडला ते वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल. १९८९ ची वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात मात्र ‘रन’नं ‘सेट’ला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या संपादकांनी एवढ्या एका शब्दावर नऊ महिने खर्च केले आणि त्याच्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले. नामाचे अर्थ यात धरलेलेच नाहीत.

या आकड्याचा बोलबाला पुष्कळ झाला. मला त्या आकड्यापेक्षा मोठी वाटते ती त्याच्या आतली एकी. अर्थ सुटे करून ओळीनं मांडणं हे कोशकाराचं कर्तव्यच आहे, पण वाचणाऱ्यानं त्या सुट्या अर्थांतून वाहणारा एकच ओघ ओळखला नाही, तर शब्दाची खरी गोडी हाती लागत नाही. ‘रन’ म्हणजे धावणे, आणि बाकीचे सगळे अर्थ त्याची लाक्षणिक रूपं, असं आपण शाळेत शिकतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. ‘रन’चा गाभा पायांत नाही, तो पाण्यात आहे.

याला शब्दाचा इतिहास साक्ष देतो. हा शब्द जुन्या जर्मानिक भाषांतून आलेला आहे, आणि तिथे अगदी आरंभापासून त्याच्यात पळणं आणि वाहणं हे दोन्ही अर्थ एकत्र होते. जर्मन भाषेनं पुढे या दोघांची वाटणी केली. पाण्याच्या वाहण्या-ठिबकण्याला ‘रिनेन’, माणसाच्या पळण्याला ‘रेनेन’. इंग्रजीनं वाटणी केलीच नाही. दोघं भाऊ एकाच घरात, एकाच नावानं राहिले. म्हणजे ‘नाक रन होतं’ हा प्रयोग पळणाऱ्या माणसावरून सुचलेला अलंकार नव्हे. नाक आणि माणूस दोघांचाही त्या क्रियापदावर सारखाच जुना हक्क आहे. चीज करताना दूध ज्यानं गोठवतात त्या ‘रेनेट’चं नावही याच घराण्यातलं मानतात, कारण दुधाचे कण वाहत एकमेकांजवळ येऊन घट्ट होतात यालाही जुन्या इंग्रजीत हेच क्रियापद चालत असे. अमेरिकेच्या पूर्व भागात, विशेषतः व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये, लहान ओढ्याला आजही ‘रन’ म्हणतात.

एकदा सोडलं की अडवेपर्यंत आपलं आपण जात राहणं, हा पाण्याचा गुण. तो मनात धरला की कोशातले दूरदूरचे वाटणारे अर्थ शेजारी येऊन बसतात. आंघोळीसाठी टबात पाणी सोडणं म्हणजे बाथ ‘रन’ करणं. इथे करणाऱ्याचं काम एवढंच, की तोटी उघडायची. पुढचं पाणीच करतं. कंपनी ‘रन’ करणं यातही मुळात हाच भाव आहे. जे आपल्या ओघानं चालू शकतं त्याला चालू ठेवणं, तुंबू न देणं. चांगला व्यवस्थापक कोण याची एक फार समंजस व्याख्या त्या क्रियापदात दडलेली आहे असं मला वाटतं.

आता शब्दाचा नाद ऐका. ‘सेट’, ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’, ‘स्टॉप’ हे सगळे इंग्रजीतले छोटे, कष्टाळू, रोजच्या वापरातले शब्द, आणि शेवटी सगळे बंद होतात. ओठ मिटतात किंवा जीभ दाराला कडी लावावी तशी आदळते, हवा थांबते. ‘रन’मध्ये असं होत नाही. इंग्रजांचा ‘र’ आपल्यासारखा थडथडत नाही. जीभ कुठेही न टेकता तो निघतो. मग एक ऱ्हस्व स्वर, आणि शेवटी ‘न’, ज्याच्यात तोंड बंद झालं तरी हवा नाकावाटे चालूच राहते. श्वास पुरेल तितका वेळ हा ‘न’ लांबवता येतो. ‘सेट’चा ‘ट’ लांबवून दाखवावा कुणी! मांडून ठेवण्याचा शब्द बंद होऊन संपतो आणि चालू राहण्याचा शब्द उघडा राहतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण कान तयार असेल तर ते ऐकू येतं आणि आनंद देतं.

‘सेट’वर ‘रन’नं मात केली याचा संबंध सायमन विंचेस्टर या लेखकानं यंत्रयुगाशी जोडला आहे, आणि ते पटण्यासारखं आहे. गिरणी, आगगाडी, मोटार, विजेचा पंखा, संगणक. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत इंग्रजीच्या जगात आलेली प्रत्येक नवी वस्तू चालू करायची आणि चालू ठेवायची होती. या सगळ्यांसाठी क्रियापद आधीच तयार होतं. यंत्राला पाय नव्हते, पण ‘रन’ला पायांची गरज कधीच नव्हती. पाणचक्कीत तर पाणी आणि यंत्र एकाच वेळी, एकाच शब्दानं ‘रन’ होत असत. संगणकानं त्यात शेवटची भर घातली. पुण्यातल्या आयटीतली मुलं आज मराठीत बोलतानाही ‘प्रोग्राम रन कर’, ‘कालपर्यंत रन होत होता’ असंच म्हणतात, आणि त्यांना दुसरा शब्द सुचवायला मी धजणार नाही. एरवी आपल्याकडे अशा ठिकाणी भाषा वेगळी वाट धरते. इंग्रजी जिथे धावते किंवा वाहते, तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. घड्याळ चालतं, दुकान चालतं, संसार चालतो, नाटक चालतं. पंढरीची वाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या भाषेनं अखंडपणासाठी चालणं निवडावं, हे मला मनापासून आवडतं.

नाटकाचंच घ्या. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या वेस्ट एंडमध्ये लागलं आणि मार्च २०२० मध्ये करोनामुळे थिएटरं बंद होईपर्यंत चालू राहिलं. नट बदलले, थिएटर बदललं, पण हा सगळा एकच ‘रन’ धरला जातो. आपण नाटकाचे प्रयोग मोजतो. शंभरावा, पाचशेवा, हजारावा. मराठी मोजणीत प्रत्येक प्रयोग सुटा आणि पूर्ण असतो, इंग्रजीत सगळे मिळून एक धार. करोनाच्या बंदीनं तो ‘रन’ तुटला याची इंग्रजी वर्तमानपत्रांना एवढी हळहळ का वाटली, ते या एका शब्दावरून कळतं.

नायलॉनच्या पायमोज्यातला ‘रन’ हा मला या शब्दाचा सर्वांत बोलका अर्थ वाटतो. ब्रिटिश बायका त्याला ‘लॅडर’ म्हणतात, शिडी. अमेरिकन बायका ‘रन’ म्हणतात. विणलेल्या कापडात प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून ओवून काढलेला असतो. तो त्याला धरून ठेवतो आणि स्वतः वरच्याच्या आधारावर राहतो. मध्ये कुठे नखानं किंवा खुर्चीच्या चिरफळीनं एक धागा तुटला, की तो टाका सुटतो. त्याच्या भरवशावर असलेला पुढचा सुटतो, मग त्याच्या पुढचा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एक पांढुरकी रेघ उमटत जाते. कुणी ओढत नाही, कुणी फाडत नाही. आपल्याकडे स्वेटर विणणाऱ्या बाईला हे नीट ठाऊक आहे. सुईवरून एक टाका सुटला की ती हातातलं सगळं टाकून आधी तो पकडते. ब्रिटिश शब्दानं त्या रेघेचा आकार टिपला, आडव्या दोऱ्यांच्या पायऱ्या. अमेरिकन शब्दानं तिची गती टिपली. दोन्ही निरीक्षणं खरी आहेत, तरी माझा कौल अमेरिकन शब्दाला.

आणि मग इतिहासातलं एक प्रकरण असं आहे, की त्यात या शब्दाचे अर्थ एकामागून एक रांगेनं उभे राहतात. अमेरिकेचं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध १८६१ मध्ये पेटलं. त्याची पहिली मोठी लढाई २१ जुलै १८६१ रोजी व्हर्जिनियात झाली, ‘बुल रन’ नावाच्या ओढ्याच्या काठी. म्हणजे ‘रन’ इथे ओढा. त्या दिवशी उत्तरेच्या फौजेचा मोड झाला आणि सैनिक वॉशिंग्टनच्या दिशेनं पळत सुटले. हा ‘रन’ पायांचा. लढाई पाहायला राजधानीतून बग्ग्या घेऊन आलेले लोकही त्या पळापळीत सापडले. दक्षिणेनं या लढाईला जवळच्या मनासस या रेल्वे जंक्शनचं नाव दिलं. उत्तरेनं ओढ्याचं नाव ठेवलं आणि स्वतःच्या पराभवाचं वर्णन नकळत त्या नावातच करून ठेवलं.

याच युद्धात अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली होती. दक्षिणेचं धन म्हणजे कापूस, आणि तो बाहेर काढायचा तर आरमाराच्या गस्तीतून निसटायला हवं. त्यासाठी खास जहाजं होती, ‘ब्लॉकेड रनर’. स्कॉटलंडच्या क्लाइड नदीवर त्यांतली पुष्कळ बांधली गेली. पाण्यालगत बसणारी सडपातळ आगबोट, करड्या रंगानं रंगवलेली, धूर कमी करणारा अँथ्रासाइट कोळसा जाळणारी. चंद्र नसलेली रात्र साधून ती बहामातल्या नॅसॉहून किंवा बर्म्युडाहून विल्मिंग्टनच्या किनाऱ्याला लागायची आणि कापूस भरून पुन्हा निसटायची. या ‘रन’मध्ये वेग आहेच, पण त्याहून अधिक आहे ती फट शोधण्याची वृत्ती. बांधाला कितीही लिंपलं तरी पाणी जसं चिरेतून वाट काढतं, तसं. चोरट्या मालाच्या वाहतुकीला, मग ती दारूची असो वा बंदुकांची, इंग्रजीत ‘रनिंग’ म्हणतात ते यामुळेच चपखल बसतं.

पण असा चोरून निघालेला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पुरण्यासारखा नव्हता. त्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. गुजरात, खानदेश, वऱ्हाड इथला कापूस मुंबई बंदरात आला आणि भाव गगनाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. शेअर्सचा सट्टा माजला, बॅकबे भरून जमीन करण्याच्या कंपनीचे शेअर्स वेड्यासारखे चढले, प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याचं आणि सटोडियाचं नाव घराघरांत गेलं. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला, कापूस कोसळला आणि त्याबरोबर मुंबईतल्या कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या. बँक ऑफ बॉम्बे त्यातून सावरली नाही. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. व्हर्जिनियातल्या एका ओढ्याकाठी सुरू झालेल्या कहाणीची झळ गिरगाव-काळबादेवीपर्यंत पोचली.

बँकेवरचा ‘रन’ हाही पाण्याच्याच जातीचा. मे १८६६ मध्ये लंडनच्या ओव्हरेंड, गर्नी या पेढीनं पैसे देणं थांबवलं आणि लोंबार्ड स्ट्रीटवर हाहाकार उडाला. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारांशी रांगा लागल्या. टीव्हीवर दिसत होते ते म्हातारे नवरा-बायको, हातात पासबुक, घरून आणलेल्या घडीच्या खुर्च्या. कुणीही पळत नव्हतं. पळत होता तो पैसा. बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत पडून नसतो, तो कर्जाऊ दिलेला असतो. सगळ्यांनी एकदम मागितला तर कुठलीही बँक देऊ शकत नाही. म्हणून पहिल्यानं काढला, की तेच दुसऱ्याला भीती वाटायचं कारण होतं. मोज्यातल्या टाक्यांचंच हे तत्त्व. अखेर ब्रिटिश सरकारला ठेवींची हमी द्यावी लागली, तेव्हा कुठे धार थांबली.

अव्ययं जोडून या शब्दाला जे असंख्य फाटे फुटतात, त्यांतला एकच जवळून पाहू. घरातलं दूध संपलं. इंग्रजीत ‘दूध रन आऊट झालं’ असं म्हणता येतं. ते सरळ आहे, वाहून वाहून संपलं. पण त्याहून जास्त वेळा म्हणतात, ‘आम्ही दुधातून रन आऊट झालो’. कर्ता बदलला. आता वाहून संपलं ते घर, दूध नव्हे. मराठीत दूध संपतं, साखर संपते, पैसे संपतात. आपण त्यांच्याबरोबर संपत नाही. इंग्रजीत माणूस साठ्याशी असा बांधला जातो, आणि म्हणून वेळ, धीर, श्वास यांच्याबाबत हाच प्रयोग आला की तो आतवर लागतो.

सगळे अर्थ या धारेत बसतातच असं नाही, आणि बळेच बसवू नयेत. धोका पत्करण्याला इंग्रजीत ‘रिस्क रन करणं’ म्हणतात, ते फ्रेंच वाक्प्रचारावरून घडलेलं आहे. ‘गाँटलेट रन करणं’ म्हणजे दोन्ही बाजूंनी फटके मारणाऱ्यांच्या रांगेतून जाणं. ते स्वीडिश लष्करी शिक्षेच्या नावावरून सतराव्या शतकात आलं. हे पाहुणे. निवडणुकीचा अर्थ मात्र घरचा, आणि त्यात दोन देशांचे दोन स्वभाव दिसतात. ब्रिटनमध्ये उमेदवार उभा राहतो, अमेरिकेत ‘रन’ करतो. आपण ब्रिटनच्या बाजूचे; आपलाही माणूस निवडणुकीला उभाच राहतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांसाठी ते उभे होते आणि तिथल्या वर्तमानपत्रांसाठी धावत होते.

क्रिकेटमधल्या धावा जुन्या काळी खरोखर पळूनच काढाव्या लागत, आणि मोजणारा माणूस काठीवर सुरीनं एकेक खाच पाडे. सीमारेषा नंतर आली, पळणं गेलं, ‘रन’ उरला. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी सामना मराठीत सांगितला, आणि ‘धाव’, ‘धावफलक’, ‘धावबाद’ हे शब्द घरोघर रुळले. ‘धाव’ हा शब्द इथे कुणी बळेबळे बसवलेला वाटत नाही, कारण तो स्वतःही पळण्यापुरता कधीच नव्हता. विहिरीवर मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात आणि मागे येतात, त्या उताराला शेतकरी धाव म्हणतो. बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेली लोखंडी पट्टीही धावच. शिवणकामात धावदोरा आहे, ज्याला इंग्रजीतही ‘रनिंग’ टाकाच म्हणतात. मोट गेली, लोखंडी धाव रबरी टायरनं घालवली, तरी शब्दकोशात या नोंदी जाग्या आहेत आणि खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून सापडतात. कुणी या एका मराठी शब्दाचाही गिलिव्हरसारखा नऊ महिने बसून धांडोळा घ्यायला हवा.

मराठी शाळांतून इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजी-बाईंना मात्र एक विनंती आजच करतो. पाचवीच्या मुलाला ‘रन म्हणजे धावणे’ एवढंच फळ्यावर लिहून देऊ नका. त्याला आधी शाळेच्या नळाशी न्या, तोटी उघडा, आणि मग शब्द सांगा. मैदानावर पळायला नंतर सोडा. पुढचे अर्थ जसजसे भेटतील, तसतसे त्याला त्याचे कळत जातील.